‘कसे’ दिसते, ‘का’ दिसत नाही

टूथब्रश, खडू, काचेची बरणी, खेळण्यातली मोटार. अशा वस्तू कारखान्यात कशा बनतात हे दाखवणाऱ्या चित्रफिती आता अनेक शाळांतून दाखवल्या जातात. यांतली सर्वांत नावाजलेली मालिका म्हणजे कॅनडात तयार झालेली ‘हाउ इट्स मेड’. २००१ साली ती सुरू झाली आणि २०१९ पर्यंत चालली. अर्ध्या तासाच्या एका भागात साधारण तीन-चार वस्तू असत. तिच्या वळणावर पुढे असंख्य छोट्या फिती निघाल्या. विज्ञान शिकवणाऱ्यांना या साऱ्याचा कितपत उपयोग होतो, ते तपासून पाहू.

आधी चांगली बाजू. या मालिकेत आरडाओरडा नाही. निवेदक शांतपणे सांगत जातो आणि कॅमेरा वस्तूवरून हलत नाही. रोजच्या क्षुल्लक वस्तूमागेही किती कामे असतात, हे मुलांना प्रथमच दिसते. पाठ्यपुस्तकात ‘कच्चा माल, प्रक्रिया, पक्का माल’ असे तीन चौकोन काढून जो विषय संपतो, त्यातला मधला चौकोन ही मालिका उघडून दाखवते. हे काम लहान नाही.

पण फीत संपल्यावर मुलांना एक प्रश्न विचारून पाहावा: ‘काचेची वस्तू तयार झाल्यावर ती लांबलचक भट्टीतून हळूहळू का नेली?’ बहुतेक मुले सांगतील, ‘थंड करायला.’ फितीत तेवढेच सांगितलेले असते. मग ती पंख्याखाली ठेवून का चालत नाही? इथे वर्ग गप्प होतो आणि विज्ञान खरे तर इथेच सुरू होते.

हाच प्रश्न आपल्या भागातल्या वस्तूवर घेऊ. सातारा जिल्ह्यात कराडजवळ ओगलेवाडी आहे. ओगले बंधूंनी १९१६ साली काढलेल्या ओगले ग्लास वर्क्समुळे गावाला हे नाव मिळाले. इथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी होता. कारखाना पुढे बंद पडला. कंदील अजून एखाद्या माळ्यावर सापडतो. तो वर्गात आणावा. त्याची काच वाळू, सोडा आणि चुना यांची असते. नुसती वाळू वितळवायला सुमारे १७०० अंश सेल्सियस तापमान लागते. सोडा ते बरेच खाली आणतो; पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुना. तीन पदार्थ, तीन कारणे.

आता थंड करण्याचे. काच उष्णतेची मंद वाहक. तापलेली काच झटकन थंड केली, तर बाहेरचा थर आधी घट्ट होतो. आतला भाग नंतर आकसू पाहतो, पण बाहेरचा थर त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण काचेत कोंडून राहते आणि पुढे कधीतरी, हात न लावताही, काच तडकते. म्हणून ती सुमारे ५५० अंशांवर काही काळ ठेवून सावकाश निववतात. पेटलेल्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकते, त्याचे मूळही हेच: तेवढीच जागा एकदम आकसू पाहते, तिथे ताण पडतो, आणि काच दाब सोसते पण ताण सोसत नाही. कंदिलाची काच पातळ का, जाड बुडाच्या पेल्यात उकळता चहा ओतायला आपण का भितो, हेही यातूनच सुटते. फितीत एका वाक्याची भर घातली असती, तर मुले घरापर्यंत विचार करत गेली असती.

‘पाच मिनिटांत किती मावणार?’ असा बचाव कोणी करील. तो मला पटत नाही. पट्ट्यावरून सरकणाऱ्या मालाची दृश्ये दोनदोनदा दाखवायला वेळ असतो. कारण सांगायला नसतो. हा निवडीचा प्रश्न आहे.

दुसरी उणीव पैशाची. प्लॅस्टिकची खेळणी करताना दाणे वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात, ते फितीत सुरेख दिसते. एकाच साच्यातून हजारो खेळणी का काढतात, ते कळत नाही. समजा, साच्याला २ लाख रुपये पडले. १००० खेळणी काढली तर प्रत्येकावर साच्याचे २०० रुपये चढतात. १ लाख काढली तर दोनच. बाजारातली स्वस्त खेळणी एकसारखी का असतात, याचे उत्तर या भागाकारात आहे. सहावीच्या मुलांना तो करता येतो.

तिसरी उणीव माणसांची. फितीत हात दिसतात. त्या हातांना काय ठाऊक आहे, ते ऐकू येत नाही. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीला १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसवला. ओतीव लोखंडाचे काम म्हणजे आधी लाकडी नमुना आला. लोखंड थंड होताना साधारण शंभरात एक भाग आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी कारागीर वेगळी, वाढीव खुणांची पट्टी वापरतो. असे ज्ञान यंत्राच्या चित्रीकरणात सापडत नाही. माणसाला विचारावे लागते. शिवाय किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला खपेना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. वस्तू कारखान्याच्या दाराबाहेर पडली म्हणजे तिची गोष्ट संपली, असे ही मालिका धरून चालते. नांगराची खरी गोष्ट तर तिथून पुढे होती.

मग फिती दाखवू नयेत काय? जरूर दाखवाव्यात, पण थांबवून. ‘आता पुढे काय करतील? का?’ असे विचारावे आणि मगच पुढे जावे. त्याहून चांगले म्हणजे आधी वस्तू हातात द्यावी. प्लॅस्टिकच्या खेळण्यावर बारीक उभी रेघ सापडते, ती साच्याचे दोन भाग जुळले तिथली. आतल्या बाजूला लहान वर्तुळे असतात, ती साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांची. पाण्याच्या बाटलीच्या बुडाशी मधोमध ठिपका असतो, तिथून प्लॅस्टिक आत शिरले. वस्तू स्वतःचा इतिहास अंगावर घेऊन येते. तो आधी मुलांनी वाचावा आणि मग फीत पाहून आपला तर्क तपासावा.

सातारा, सांगली, मिरज, कराड यांच्या शाळांपासून औद्योगिक वसाहती फार लांब नाहीत. आपल्या वर्गातली कित्येक मुले उद्या तिथेच कामाला लागतील. यंत्रासमोर उभे राहून बटण दाबणारा आणि माल का बिघडला हे शोधणारा, यांच्यात फरक पडतो तो ‘का’ विचारण्याच्या सवयीने. ती सवय कॅनडाहून आलेली फीत लावणार नाही. ते काम शिक्षकाचेच आहे.