कायम वास्तव्याची परिवीक्षा : कॅनडातील प्रदेशनिहाय व क्षेत्रनिहाय आप्रवास-मार्गांची चिकित्सा

प्रस्तावना

परदेशी कामगाराला कायम वास्तव्याचा हक्क कोणत्या कसोटीवर द्यावा, या प्रश्नाला कॅनडाने १९६७ मध्ये गुणांकन पद्धतीच्या रूपाने उत्तर दिले. शिक्षण, वय, भाषा आणि व्यावसायिक अनुभव यांना गुण देऊन अर्जदाराची निवड करावयाची, हे त्या पद्धतीचे सूत्र होते. निवड झालेली व्यक्ती विमानतळावर उतरली की पहिल्या दिवसापासून कायम निवासी असे. तिने कोठे राहावे, कोणाकडे चाकरी करावी, याविषयी शासनाचे काही म्हणणे नसे. परिणामी बहुसंख्य स्थलांतरित टोरांटो, माँट्रिअल व व्हँकूव्हर या महानगरांतच एकवटले. अटलांटिक किनाऱ्यावरील लहान प्रांत, प्रेअरीतील गावे आणि उत्तर ओंटारिओतील खाणकामाची नगरे मात्र वृद्ध होत गेली.

या असमतोलावर उपाय म्हणून गेल्या पंचवीस-सत्तावीस वर्षांत दुसऱ्या प्रकारचे मार्ग वाढले. काही मार्ग प्रांतानुसार आहेत, काही गावांच्या समूहानुसार, तर काही उद्योगक्षेत्रानुसार. स्थलांतराचा लाभ महानगरांपुरता न राहता सर्व प्रदेशांत पोहोचावा, हे त्यांचे अधिकृत समर्थन. ते खोटे नाही. तथापि प्रदेशाला माणसे हवी आहेत, या गरजेचा भार नेमका कोणाच्या खांद्यावर टाकण्यात आला, हा प्रश्न धोरणविषयक चर्चेत बहुधा मागे राहतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाच्या अनुषंगाने या मार्गांची चिकित्सा केली आहे.

भूमी आणि अट

वास्तव्याला अट जोडण्याची कल्पना कॅनडाला नवी नाही. १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्यान्वये पश्चिमेकडील प्रदेशात दहा डॉलर शुल्क भरून १६० एकर जमीन मिळत असे. तीन वर्षे तेथे राहून ती कसली की मालकीहक्क पदरात पडे. (ती जमीन मूळ रहिवाशांकडून कोणत्या करारांनी आणि कोणत्या दडपणाने घेतली गेली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होय.) वरवर पाहता आजची योजनाही तशीच आहे. आधी राहा, काम करा, मग हक्क मिळेल. परंतु तीन वर्षांच्या त्या मुदतीत वसाहतकऱ्याच्या डोक्यावर कोणी मालक नव्हता. त्याच्या श्रमाचे फळ त्याच्याच शेतात साठत होते आणि अट पुरी झाली की नाही, हे शासनाचा अधिकारी ठरवीत होता. आजच्या कामगाराचे श्रम दुसऱ्याच्या कारखान्यात खर्ची पडतात आणि त्याच्या अर्जाचा पहिला कागद त्या कारखान्याच्या मालकाकडून यावा लागतो. दोन्ही योजनांतील साम्यापेक्षा हा भेद अधिक महत्त्वाचा आहे.

राज्यघटनेतील पेच

कॅनडाच्या १८६७ च्या घटना कायद्यातील कलम ९५ ने शेती व आप्रवास हे दोन विषय एकाच वाक्यात गुंफून ते केंद्र व प्रांत यांच्या समाईक अधिकारात ठेवले. क्वेबेकने १९७८ आणि १९९१ च्या करारांद्वारे त्या अधिकाराचा सर्वाधिक उपयोग करून घेतला. इतर प्रांतांसाठी प्रांतिक नामांकन कार्यक्रम आला. मॅनिटोबाने १९९८ मध्ये त्याचा आरंभ केला आणि आज क्वेबेक व नुनाव्हुट वगळता सर्व प्रांत व प्रदेश त्यात सहभागी आहेत.

मात्र १९८२ च्या हक्क व स्वातंत्र्यांच्या सनदेतील सहाव्या कलमाने नागरिकांबरोबरच कायम निवाशांनाही कोणत्याही प्रांतात जाऊन राहण्याचा व उपजीविका करण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे मॅनिटोबाने निवडलेली व्यक्ती कायम निवासी होताच दुसऱ्या दिवशी टोरांटोची वाट धरू शकते. अर्ज करताना त्या प्रांतात राहण्याचा हेतू असल्याचे तिने सांगावयाचे असते. पण हेतू बदलतो, आणि प्रामाणिक हेतू बदलणे हा गुन्हा नव्हे. अटलांटिक प्रांतांतून नवागत मोठ्या संख्येने इतरत्र जातात, ही तेथील शासनांची जुनीच तक्रार आहे.

कायम निवाशाला बांधता येत नाही, म्हणून बंधन कायम वास्तव्याच्या अलीकडे, तात्पुरत्या परवान्याच्या काळात सरकवले गेले. नोकरीतील परिवीक्षेचा काळ आता वास्तव्यालाच लावण्यात आला, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही. फरक इतकाच, की नोकरीत परिवीक्षा संपल्यावर मिळते ती नोकरी, तर येथे पणाला लागलेले असते संपूर्ण कुटुंबाचे भवितव्य.

निवड कोण करते?

मॅनिटोबाचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. ब्रँडन येथील मेपल लीफ कंपनीच्या वराहमांस प्रक्रिया कारखान्याने विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्पादन सुरू केले आणि पुढे मेक्सिको, एल साल्वाडोर, चीन, युक्रेन अशा देशांतून कामगार आणले. गुणांकन पद्धतीत हे कामगार कधीच पात्र ठरले नसते. प्रांतिक नामांकनामुळे त्यांना कायम वास्तव्य मिळाले, कुटुंबे आली, शाळांत नव्या भाषा ऐकू येऊ लागल्या. हे या पद्धतीचे खरे यश होय आणि टीकाकारांनी ते मान्य करावयास हवे. मात्र नामांकनाच्या प्रक्रियेत साहाय्य करण्याची जबाबदारी कामगार संघटनेने सामूहिक कराराद्वारे कंपनीवर टाकली होती, ही बाब धोरणकर्त्यांच्या कथनात क्वचितच येते. जेथे मालकाच्या मर्जीचे रूपांतर मालकाच्या कर्तव्यात झाले, तेथे मार्ग सुरळीत चालला.

सर्वत्र तशी संघटना नसते. अटलांटिक आप्रवास योजना २०१७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली व जानेवारी २०२२ मध्ये कायम करण्यात आली. तीत प्रांताने मान्यता दिलेल्या मालकाकडून नोकरीचा प्रस्ताव आणि त्यानंतर प्रांताची संमती अशी साखळी आहे. कुटुंबासह प्रत्येक अर्जदारासाठी वसनाचा आराखडा अनिवार्य करण्यात आला, ही तिची जमेची बाजू. परंतु अर्जदाराला त्या काळात मिळणारा कामाचा परवाना त्या एकाच मालकाशी निगडित असतो.

२०१९ मध्ये जाहीर झालेल्या ग्रामीण व उत्तरीय योजनेने आणखी एक पाऊल पुढे टाकले. सडबरी, टिमिन्स, थंडर बे, ब्रँडन, मूस जॉ इत्यादी अकरा समुदायांतील आर्थिक विकास संस्थांना शिफारशीचा अधिकार देण्यात आला. ती योजना २०२४ मध्ये बंद होऊन जानेवारी २०२५ मध्ये चौदा समुदायांसाठी तिची उत्तराधिकारी योजना आली. स्थानिक समाजाने आपले शेजारी आपण निवडावेत, ही कल्पना आकर्षक आहे. प्रत्यक्षात निवड स्थानिक समाज करीत नाही, उद्योगवाढीसाठी स्थापन झालेली संस्था करते, आणि तिच्यासमोर अर्ज येतो तोही मालकाच्या प्रस्तावासह. उंबरठा गावाचा असला तरी कडी मालकाच्या हातात राहते.

संयुक्त राष्ट्रसंघाचे आधुनिक गुलामगिरीविषयक विशेष प्रतिवेदक तोमोया ओबोकाता यांनी २०२३ च्या कॅनडा भेटीनंतर एका मालकाशी बांधलेल्या परवान्यांवर कठोर टीका केली. असे परवाने गुलामगिरीच्या आधुनिक प्रकारांना पोषक भूमी पुरवतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. शोषित कामगाराला खुला परवाना मागण्याची सोय २०१९ पासून आहे. पण कायम वास्तव्याचा अर्ज ज्याच्या प्रस्तावावर उभा आहे, त्याच मालकाविरुद्ध पुरावे गोळा करण्यास कोण धजावेल?

क्षेत्र म्हणजे काय?

प्रदेशापेक्षाही क्षेत्राची व्याख्या अधिक बोलकी आहे. मे २०२० ते मे २०२५ या काळात चाललेली कृषी-अन्न प्रायोगिक योजना मांसप्रक्रिया, अळिंबी, हरितगृहातील पिके आणि पशुपालन या क्षेत्रांसाठी होती. वार्षिक मर्यादा २,७५० मुख्य अर्जदारांची. तिच्यातील निर्णायक शब्द होता ‘बिगरहंगामी’. अळिंबी बारमाही उगवते, म्हणून ती तोडणारा कामगार पात्र. सफरचंद शरदात पिकते, म्हणून ते तोडणारा अपात्र.

हंगामी शेतमजुरांची योजना १९६६ मध्ये जमैकाशी झालेल्या व्यवस्थेने सुरू झाली आणि १९७४ मध्ये मेक्सिको तीत आला. वर्षातून जास्तीत जास्त आठ महिने काम, मग परत. मालक नावानिशी त्याच मजुराला पुन्हा बोलावू शकतो आणि काही मजूर असे दशकानुदशके येत राहिले आहेत. पन्नास-साठ वर्षे टिकलेल्या मागणीला तात्पुरती कशी म्हणावी? पीक हंगामी आहे, गरज नाही. गरज कायमची आणि माणूस तात्पुरता, अशी ही विभागणी असून कायम वास्तव्याचे क्षेत्रनिहाय मार्ग ती दूर करण्याऐवजी अधोरेखित करतात.

घरकाम व संगोपनाच्या क्षेत्रात उलट चित्र दिसते. १९९२ च्या योजनेने चोवीस महिन्यांच्या कामानंतर कायम वास्तव्याचा अर्ज करण्याचा मार्ग दिला, पण त्यासाठी मालकाच्या घरातच राहण्याची अट घातली. प्रामुख्याने फिलिपिन्समधून आलेल्या स्त्रियांनी ती सोसली. २०१४ मध्ये ती अट गेली.

बंधनाची अन्य रूपे

प्रदेशाशी बांधणे आणि मालकाशी बांधणे या गोष्टी अविभाज्य आहेत का? ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणावरून तसे दिसत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून तेथे ४९१ क्रमांकाचा व्हिसा आहे. त्याचा धारक प्रादेशिक क्षेत्रात तीन वर्षे राहून व काम करून कायम वास्तव्यास पात्र होतो, परंतु त्या क्षेत्राच्या हद्दीत मालक बदलण्यास मोकळा असतो. त्याच वेळी आलेला ४९४ क्रमांकाचा व्हिसा मात्र मालकाच्या पुरस्कृतीवर अवलंबून आहे. ऑस्ट्रेलियातील ‘प्रादेशिक’ या शब्दाची व्याप्तीही मजेशीर आहे. वीस लाखांहून अधिक वस्तीचे पर्थ शहर तीत मोडते. तरीही ४९१ ची रचना एवढे दाखवून देते, की प्रदेशाची गरज भागवण्यासाठी कामगाराला एका दाराशी बांधावेच लागते, असे नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हा भेद केवळ पुस्तकी वाटू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. क्षेत्रनिहाय पाठवणीत राज्य स्वतःच पक्षकार झाल्यावर, जाणाऱ्याचा परवाना कशाशी बांधलेला आहे, हा प्रश्न येथेही विचारला जावयास हवा.

वचनाची एकतर्फी बाजू

परिवीक्षेच्या काळात कामगाराने अटी पाळावयाच्या. शासनाने काय पाळावयाचे? प्रिन्स एडवर्ड आयलंड या सर्वांत लहान प्रांताने २०२४ च्या आरंभी नामांकनांची संख्या सुमारे एकचतुर्थांशाने कमी केली आणि विक्री व सेवा क्षेत्रातील कामगारांवर त्याचा सर्वाधिक आघात झाला. नामांकनाच्या आशेने तेथे येऊन उपाहारगृहांत व दुकानांत काम करणाऱ्या तरुणांनी, ज्यांत भारतीयांची संख्या लक्षणीय होती, मे २०२४ मध्ये शार्लटटाउन येथे निदर्शने व उपोषण केले. आम्ही आलो तेव्हाचे नियम आम्हांस लावावेत, एवढीच त्यांची मागणी होती. कायद्याच्या काटेकोर अर्थाने प्रांताने कोणताही करार मोडला नव्हता, कारण करार झालाच नव्हता. नामांकन हा प्रांताचा विवेकाधिकार होता, आणि त्या तरुणांनी त्याला वचन मानले होते.

पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रशासनाने कायम वास्तव्याचे २०२५ चे एकूण लक्ष्य ३,९५,००० वर आणले आणि त्यातील प्रांतिक नामांकनाचा वाटा १,१०,००० वरून ५५,००० केला. गृहटंचाई व सार्वजनिक सेवांवरील ताण ही कारणे देण्यात आली. ती निराधार नव्हती. पण कपात लागू झाली ती नव्या येणाऱ्यांप्रमाणेच आधीच आलेल्यांनाही. अटी पुरेपूर पाळूनही अनेकांसाठी रांगच आखडली. २०२६ साठी प्रांतिक नामांकनाचे लक्ष्य पुन्हा ९१,५०० करण्यात आले. त्याच आराखड्यात २०२६ व २०२७ या दोन वर्षांत ३३,००० पर्यंत परवानाधारक कामगारांना त्वरेने कायम वास्तव्य देण्याचे जाहीर झाले. ‘परवानाधारक’ या संज्ञेत, दोन आराखड्यांच्या मधल्या काळात ज्यांचे परवाने संपले व जे परत गेले, त्यांचा समावेश होत नाही.