कमी विद्युत् दाबावरील हार्ड ॲनोडायझिंग : एका दाव्याची चिकित्सा

प्रास्ताविक

ॲल्युमिनियमच्या वस्तूवर तिच्याच धातूपासून ऑक्साइडचा थर वाढविण्याच्या क्रियेस ॲनोडायझिंग म्हणतात. वस्तू आम्लाच्या टाकीत धनाग्र म्हणून टांगली जाते आणि रेक्टिफायरमधून आलेला एकदिश प्रवाह तिच्या पृष्ठभागाचे रूपांतर घडवून आणतो. १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये क्रोमिक आम्लात ही क्रिया प्रथम औद्योगिक स्वरूपात आली आणि १९२७ मध्ये सल्फ्युरिक आम्लाच्या पद्धतीचे पेटंट निघाले. खिडक्यांच्या चौकटी, भांडी, नामफलक यांवरील नेहमीचे काम आजही याच दुसऱ्या पद्धतीने, १२ ते १८ व्होल्ट दाबावर आणि २० अंश सेल्सिअसच्या आसपास होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेतील ग्लेन मार्टिन या विमान कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी हार्ड ॲनोडायझिंगची पद्धत पुढे आली. तीत आम्ल शून्य अंशाजवळ थंड ठेवून प्रवाहघनता दुप्पट ते तिप्पट केली जाते. दाब २५ व्होल्टच्या आसपास सुरू होऊन थर जाड होईल तसा ४० ते ७५ व्होल्टपर्यंत चढतो.

लघुउद्योगाची अडचण येथे उद्भवते. ज्याच्याकडे शोभेच्या ॲनोडायझिंगसाठी घेतलेला २४ व्होल्टचा रेक्टिफायर आहे, त्याला हार्ड ॲनोडायझिंगचे काम घ्यावयाचे तर नवा रेक्टिफायर आणि नवा चिलर, असा दुहेरी खर्च करावा लागतो. 'कमी दाबावरही हार्ड ॲनोडायझिंग होते' हे वाक्य अशा उद्योजकाच्या कानी फार गोड लागते. रसायनांचे विक्रेते, रेक्टिफायरचे विक्रेते आणि काही प्रमाणात प्रशिक्षणाच्या टिपणांतील मजकूर हे वाक्य निरनिराळ्या अर्थांनी वापरतात. ते खोटे नाही. परंतु ते ज्या अटींवर खरे ठरते, त्या अटी बहुधा सांगितल्या जात नाहीत. प्रस्तुत लेखात त्या अटींचाच विचार करावयाचा आहे.

जाडी म्हणजे कठीणपणा नव्हे

विद्यार्थ्यांच्या औद्योगिक भेटीच्या निमित्ताने एका वसाहतीतील कारखान्यात गेलो असता तेथील मालकांनी दोन नळ्या पुढे ठेवल्या. दोन्ही वातदाबाच्या सिलिंडरच्या, एकाच मिश्रधातूच्या. जाडी मोजण्याचे उपकरण दोन्हींवर ५० मायक्रॉन दाखवीत होते. एका नळीवरून अंगठा फिरविला तेव्हा बोटाला पांढरट भुकटी लागली. दुसरीवर काहीच नाही. भुकटीची नळी २४ व्होल्टवर तयार झाली होती आणि ग्राहकाने त्या घाण्यातील संपूर्ण माल परत पाठविला होता. "साहेब, जाडी तर बरोबर आहे," हा मालकांचा प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तर देताना पाठ्यपुस्तकातले एक वाक्य पुरले नाही, हे कबूल केले पाहिजे.

थराची जाडी मुख्यतः विद्युत् भारावर अवलंबून असते. एक अँपिअर प्रति चौरस डेसिमीटर या प्रवाहघनतेने एक मिनिटात साधारण ०.३३ मायक्रॉन थर वाढतो. म्हणजे ५० मायक्रॉनसाठी सुमारे १५० अँपिअर-मिनिटे हवीत. प्रवाहघनता ३ असेल तर हे काम ५० मिनिटांत होते. रेक्टिफायर २४ व्होल्टवर अडकला, थर वाढताना प्रवाह घसरत गेला आणि सरासरी १.२ वर आली, तर त्याच जाडीला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. उपकरणाच्या दृष्टीने दोन्ही नळ्या सारख्याच. आम्लाच्या दृष्टीने मात्र नाहीत.

ऑक्साइडची वाढ थराच्या तळाशी, धातूच्या सीमेवर होते. त्यामुळे सर्वांत आधी जन्मलेला भाग सर्वांत वर असतो आणि तोच आम्लात सर्वाधिक काळ राहतो. या काळात आम्ल रंध्रांच्या भिंती वरच्या टोकाकडून विरघळवीत असते. तापमान वाढले की हा वेग वाढतो. परिणामी घासण्याला तोंड देणारा बाह्य पृष्ठभागच सर्वांत ठिसूळ होतो. अंगठ्याला लागलेली भुकटी ती हीच. हार्ड ॲनोडायझिंगमधील थंडीचे आणि घाईचे प्रयोजन हे की, आम्लाला विरघळविण्यास अवसर मिळू नये.

दाबाचे नेमके काम कोणते?

येथे दोन टोकाची मते आढळतात. एक मत असे की, दाब हा केवळ परिणाम आहे. थंड आम्लात विरघळण्याची क्रिया मंदावते, तोच प्रवाह ढकलण्यास अधिक दाब लागतो, म्हणून मीटरचा काटा चढतो. कठीणपणा देणारी खरी कारणे तापमान आणि प्रवाहघनता हीच. दुसरे मत दाबालाच कारण मानते. त्याचा आधार केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांच्या १९५३ सालच्या प्रसिद्ध शोधनिबंधात आहे. त्यांनी या थराची रचना षट्कोनी कोशांची असल्याचे दाखविले. प्रत्येक कोशाच्या मध्यभागी एक रंध्र. त्यांच्या मोजमापानुसार सल्फ्युरिक आम्लात रंध्राचा व्यास दाब काहीही असला तरी १२ नॅनोमीटर राहतो आणि भिंत मात्र दर व्होल्टला ०.८ नॅनोमीटरने जाड होते. हे सूत्र चालविले तर १५ व्होल्टला थराचा सुमारे १० टक्के भाग पोकळ असतो आणि ६० व्होल्टला जेमतेम १ टक्का. जास्त दाबाच्या बाजूने याहून प्रभावी युक्तिवाद सापडणे कठीण.

परंतु रंध्राचा व्यास स्थिर असतो, हे गृहीतक टिकले नाही. ओसलिव्हन आणि वुड यांनी १९७० मध्ये फॉस्फोरिक आम्लातील थरांचा अभ्यास करून दाखविले की, रंध्राचा व्यास, कोशाचा आकार आणि तळाचा अवरोधक थर ही तिन्ही मापे दाबाच्या प्रमाणात वाढतात. तिन्ही एकाच प्रमाणात वाढत असतील तर पोकळीची टक्केवारी बदलण्याचे कारणच उरत नाही. नील्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सुव्यवस्थित रंध्ररचनेसाठी निरनिराळ्या आम्लांत, सल्फ्युरिकमध्ये २५ तर फॉस्फोरिकमध्ये १९५ व्होल्टला, पोकळी १० टक्क्यांच्याच आसपास राहते, असा नियम मांडला. मग दाबाचा प्रश्न निकालात निघाला काय? तसेही नाही. जर्मनीतील हाले येथील मॅक्स प्लांक संस्थेतून वू ली व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ऑक्झॅलिक आम्लात ११० ते १५० व्होल्टवर, अतिशय उच्च प्रवाहघनतेने थर वाढविला, तेव्हा पोकळी साडेतीन टक्क्यांच्या खाली आली.

हे प्रयोग अतिशुद्ध ॲल्युमिनियमवर आणि सूक्ष्म गाळण्या बनविण्याच्या हेतूने झाले आहेत. ते जसेच्या तसे सिलिंडरच्या नळीला लावता येणार नाहीत. तरीही त्यांतून एक दिशा निश्चित मिळते. थराची घनता मीटरवरील व्होल्टच्या आकड्याने ठरत नाही. तळाच्या अवरोधक थरातून प्रवाह किती जोराने वाहतो, यावर ती अवलंबून आहे. दाब कमी असूनही प्रवाहघनता टिकली तर दावा ऐकण्यासारखा. दाबाबरोबर प्रवाहही पडला तर तो नेहमीचाच थर, फक्त अधिक वेळ शिजविलेला.

कमी दाबाचे चार मार्ग

या कसोटीवर प्रचलित मार्ग तपासता येतात. सर्वांत जुना व सन्माननीय मार्ग म्हणजे आम्लात दुसरे सेंद्रिय आम्ल मिसळणे. अल्कोआ कंपनीच्या ॲल्युमिलाइट पद्धतीत १२ टक्के सल्फ्युरिक आम्लात १ टक्का ऑक्झॅलिक आम्ल असते आणि तापमान शून्याऐवजी १० अंश चालते. रेनॉल्ड्स कंपनीने ग्लायकोलिक आम्ल व ग्लिसरॉल यांचे मिश्रण वापरून टाकी आणखी उबदार ठेवली. विक्रेते ज्या उदाहरणांचा दाखला देतात ती हीच. मात्र या पद्धतींनी तापमान सैल केले, प्रवाहघनता नव्हे. ॲल्युमिलाइटमध्ये ५० मायक्रॉनचा थर ४० मिनिटांत पुरा होतो, म्हणजे प्रवाहघनता ४ च्या जवळ असते. दाखला देताना हा अर्धा भाग गळतो.

दुसरा मार्ग आम्ल तीव्र करण्याचा. दाब उतरतो खरा, पण विरघळण्याचा वेगही वाढतो. थंडी आणखी वाढविल्याशिवाय हा व्यवहार तोट्याचा आहे. तिसरा मार्ग स्पंद-प्रवाहाचा. जपानमध्ये योकोयामा व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविल्याप्रमाणे, उच्च आणि नीच दाब आलटून पालटून दिल्यास मधल्या विश्रांतीत रंध्राच्या तळाची उष्णता निघून जाते आणि वस्तू जळण्याचा धोका घटतो. पद्धत उत्तम आहे. पण येथे मीटरवर दिसते ती सरासरी. शिखरदाब त्याहून बराच जास्त असतो आणि तो देण्यास समर्थ रेक्टिफायर लागतोच. सरासरी आकडा दाखवून 'कमी दाब' म्हणणे ही शब्दांची सोय झाली.

चौथा मार्ग वर सांगितलेल्या नळीचा : रेक्टिफायर आहे तोच ठेवून वेळ वाढविणे. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

तांबेयुक्त मिश्रधातूंचा मात्र अपवाद करावा लागतो. २०१४ किंवा २०२४ या जातींचे भाग जास्त दाबावर कडेला जळतात, क्वचित विरघळून नाहीसेही होतात. तेथे दाब आवरणे हा विवेक आहे. अमेरिकेच्या ८६२५ या लष्करी मानकाने ही गोष्ट ओळखली आहे. त्याच्या १९९३ च्या एफ आवृत्तीत हार्ड थराची नाममात्र जाडी ०.००२ इंच असून टेबर यंत्रावर सीएस-१७ चाके व १००० ग्रॅम भाराने दहा हजार फेरे दिल्यावर होणारी झीज दर हजार फेऱ्यांना १.५ मिलिग्रॅमहून अधिक नसावी, असे बंधन आहे. तांबे २ टक्के वा अधिक असल्यास ही मर्यादा ३.५ मिलिग्रॅम. या हार्ड प्रकारासाठी मानकाने दाब किती असावा हे सांगितलेलेच नाही. गमतीची बाब अशी की, त्यात 'कमी दाब' हा शब्दप्रयोग येतो तो १बी प्रकारासाठी, आणि तो प्रकार क्रोमिक आम्लाचा, २२ व्होल्टचा आहे. कठीणपणाशी त्याचा संबंध नाही.

खर्च कोठे होतो

या दाव्याच्या मुळाशी रेक्टिफायरची किंमत आहे असे वाटते; वस्तुतः प्रश्न थंडीचा आहे. शंभर चौरस डेसिमीटरचा भार ३ प्रवाहघनतेने चालविला तर ३०० अँपिअर लागतात. ६० व्होल्टला ही शक्ती १८ किलोवॅट होते आणि जवळजवळ सारीच उष्णतारूपाने आम्लात उतरते. ती काढण्यास पाच टनांहून थोडा मोठा चिलर हवा. २४ व्होल्टला तोच प्रवाह वाहिला असता तर ७.२ किलोवॅट, म्हणजे दोन टनांचे काम. कमी दाबाचे आकर्षण खोटे नाही ते एवढ्यासाठी. मात्र हा हिशेब 'तोच प्रवाह' या दोन शब्दांवर उभा आहे आणि साध्या थंड सल्फ्युरिक आम्लात ते दोन शब्द थर जाड होऊ लागताच खरे राहत नाहीत.

ग्राहकही निर्दोष नाही. खरेदीच्या आदेशात 'हार्ड ॲनोडायझिंग, ५० मायक्रॉन' एवढेच लिहिलेले असते. मिश्रधातूची जात नाही, झिजेची कसोटी नाही, सोबत टाकलेल्या नमुना-पट्टीची मागणी नाही. टेबर यंत्र प्रत्येक छोट्या कारखान्यात असणार नाही हे मान्य; पण नमुना-पट्टी बाहेर तपासून घेणे अशक्य नसते. जाडीच मोजली जाणार असेल तर जाडीच पुरविली जाईल.

वर उल्लेखिलेल्या मालकांची नंतर एकदा भेट झाली. त्यांनी नवा रेक्टिफायर घेतलेला नाही. आधी चिलर घेतला आणि ऑक्झॅलिक आम्लाची टाकी वेगळी केली. सिलिंडरच्या नळ्यांचे काम ते अजून बाहेर पाठवितात. २४ व्होल्टवर जे काम होते त्याच्या बिलावर आता 'हार्ड' लिहीत नाहीत. 'जाड थर' असे लिहितात, आणि दर थोडा कमी लावतात.