शीलाचे पठण आणि शीलाचा विचार

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करण्याची प्रथा महाराष्ट्रात रुजली आहे. रायगडच्या किनारपट्टीवरही दिवसभर लावणी करून थकलेले उपासक-उपासिका सायंकाळी विहारात जमतात. ही प्रथा आम्ही मोलाची मानतो. तथापि पुष्कळ ठिकाणी वाचन संपले, सरणत्तय झाले की सभा उठते. ऐकलेल्या वचनाचा आपल्या घराशी व गावाशी काय संबंध, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. या वैगुण्याची चिकित्सा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

याचे काही कारण ग्रंथाच्या घडणीतच आहे. १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात आठ खंड, लहान लहान विभाग आणि क्रमांकित वचने आहेत. हे रूप पठणास सोयीचे आहे. परंतु याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात सिद्धार्थाचा गृहत्याग, चार आर्यसत्ये, कर्म-पुनर्जन्म आणि भिक्खूचे प्रयोजन यांविषयी चार समस्या मांडून, त्यांच्या उकलीत वाचकांनी भाग घ्यावा, अशी अपेक्षा बाबासाहेबांनी व्यक्त केली आहे. रूप पठणाकडे नेते, तर हेतू चर्चेकडे. आपण आजवर रूप सांभाळले. हेतूकडे मात्र दुर्लक्ष केले.

हा भेद केवळ वाङ्मयीन नाही. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांतील अंतर विशद केले. नियम काय करावे ते सांगतो. तत्त्व कृती पारखण्याचे माप देते व पारखण्याची जबाबदारी आपणांवर टाकते. पुढे अहिंसेचे विवेचन करतानाही त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला व अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे प्रतिपादिले. नियम पाठ करता येतो. तत्त्व मात्र प्रत्येक प्रसंगी विचारानेच लावावे लागते. म्हणून चर्चेविना शील नियमाच्या पातळीवर उतरते.

एक उदाहरण घेऊ. किनाऱ्यालगतच्या जमिनींना भाव आला आणि घरोघरी बहिणींच्या हक्कसोडपत्राचा प्रश्न उभा राहिला. वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला. तरी माहेर तुटेल या भीतीने बहीण सही करते. भाऊ रोज पंचशील म्हणतो. कागद कायदेशीर असल्याने आपण चोरी केली असे त्याला वाटत नाही. परंतु पाली शब्द ‘अदिन्नादान’ आहे: जे दिलेले नाही ते घेणे. भीतीपोटी झालेली सही हे ‘दिन्न’ होय काय? या एका शब्दावर विहारात एक सायंकाळ चर्चा झाली, तर दुसरे शील त्या घरात शिरेल. हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्याच्या अनुयायांनी हा प्रश्न टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही.

असे प्रश्न विद्वानांचे, सामान्यांचे नव्हेत, हा आक्षेप टिकत नाही. अशोकाने बैराटच्या लेखात निवडलेल्या सात धम्मपर्यायांत राहुलास केलेला असत्याविषयीचा उपदेश आहे. आणि ते भिक्खू-भिक्खुणींप्रमाणेच उपासक-उपासिकांनीही ऐकावेत व त्यांवर मनन करावे, असे तेथे म्हटले आहे. श्रवण आणि मनन ही दोन वेगळी कामे आहेत. राहुलोवाद सुत्ताची पद्धतीही सोपी आहे: कृतीपूर्वी, कृती करताना आणि कृतीनंतर स्वतःला, दुसऱ्याला वा दोघांना इजा होते काय, हे पाहावे. राजपुरी खाडीजवळच्या कुडा लेण्यांतील दानलेखांत वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी, लेखक यांच्या कुटुंबांचे उल्लेख आहेत. या किनाऱ्यावर धम्म कष्टकरी व व्यावसायिकांच्या आधारानेच उभा होता.

चर्चेने गावात तंटे होतील, अशीही भीती व्यक्त होते. तिचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब बोटीने दासगाव बंदरी उतरून महाडला आले. चवदार तळ्याबाबत न्यायालयाचा मनाई हुकूम झालेला होता. तो मोडावा की पाळावा, यावर परिषदेत दोन्ही बाजूंनी भाषणे झाली आणि अखेरीस सत्याग्रह तहकूब ठरला. जमलेल्यांत बहुसंख्य निरक्षर होते. तरी न्याय आणि कायदा यांच्या संबंधाचा गहन प्रश्न त्यांच्यापुढे मांडण्यास बाबासाहेब कचरले नाहीत. मतभेदाने परिषद मोडली नाही. पुढे १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकालही अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

म्हणून आमची सूचना साधी आहे. वाचनानंतर अर्धा तास राखावा, गावातील एक प्रश्न घ्यावा, कोणाचेही नाव न घेता तो राहुलोवादाच्या तीन पायऱ्यांनी तपासावा आणि प्रथम उपासिकांना बोलू द्यावे. निर्णय प्रत्येकाने आपापल्या घरी करावा. ग्रंथाची पाने त्या वर्षावासात कमी वाचून झाली, तरी आम्ही ती हानी मानणार नाही.