फॉरवर्ड कन्व्हर्टर: नुसते सुटे भाग मोजून भागत नाही

संगणकाच्या पेटीत मागच्या बाजूला पंखा बसवलेला पत्र्याचा डबा असतो. २३० व्होल्टच्या विजेपासून संगणकाला लागणारा १२ किंवा ५ व्होल्टचा एकदिश पुरवठा तो तयार करतो. अशा अनेक डब्यांत ‘फॉरवर्ड कन्व्हर्टर’ ही रचना असते. तिच्या तीन प्रकारांची तुलना बहुधा सुट्या भागांची संख्या आणि कार्यक्षमता यांच्या कोष्टकावर उरकली जाते. आमच्या मते ती अपुरी आहे.

आलेल्या विजेचे आधी एकदिशीकरण होते. मग ट्रान्झिस्टर चालू असताना ऊर्जा रोहित्रातून थेट पलीकडे जाते. पण थोडी गाभ्यात चुंबकत्वाच्या रूपाने उरते. ती प्रत्येक आवर्तनात काढली नाही, तर गाभा संपृक्त होतो, प्रवाह बेसुमार वाढतो आणि ट्रान्झिस्टर जळतो. म्हणून खरा प्रश्न असा: ही ऊर्जा कोठे जाते आणि त्या वेळी ट्रान्झिस्टरवर किती व्होल्टेज येते?

पहिल्या प्रकारात एक ट्रान्झिस्टर आणि एक जादा वेटोळे असते. रचना स्वस्त, पण दोन्ही वेटोळ्यांचे फेरे समान असता ट्रान्झिस्टरवर पुरवठ्याच्या दुप्पट व्होल्टेज येते. दुसऱ्यात दोन ट्रान्झिस्टर व दोन डायोड ती ऊर्जा पुरवठ्याकडे परत पाठवतात. प्रत्येक ट्रान्झिस्टरवर पुरवठ्याइतकेच व्होल्टेज येते. तिसऱ्यात धारित्र व साहाय्यक ट्रान्झिस्टर तिचा पुन्हा उपयोग करतात. दूरसंचाराच्या ४८ व्होल्ट पुरवठ्यात हा प्रकार शोभतो. मात्र पुरवठा अचानक उसळला तर धारित्राला सावरायला वेळ लागतो.

आता गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यातली, लांब वीजवाहिनीच्या टोकाची एखादी शाळा डोळ्यांपुढे आणा. भार वाढला की तेथे व्होल्टेज पडते, उतरला की चढते. समजा, ते २७० झाले. शिखरमूल्य सुमारे ३८२ व्होल्ट. पहिल्या प्रकारात ट्रान्झिस्टरवर ७६४ व्होल्ट येतील. ८०० व्होल्टचा ट्रान्झिस्टरही काठावर राहील. दुसऱ्यात ५०० व्होल्टचे ट्रान्झिस्टर निभावून नेतील.

दुसऱ्या प्रकारातही उणिवा आहेत. वरच्या ट्रान्झिस्टरला वेगळी, विलग चालना लागते. शिवाय पहिल्याप्रमाणेच यातही ट्रान्झिस्टर अर्ध्या आवर्तनाहून अधिक काळ चालू ठेवता येत नाही. म्हणून फेऱ्यांचे गुणोत्तर सर्वांत कमी व्होल्टेजसाठी ठरवावे लागते. तिसऱ्याला हे बंधन नाही. परंतु त्याचा खास नियंत्रक बिघडला तर तालुक्याच्या बाजारात तो सहज मिळेलच असे नाही.

तेव्हा अशा शाळेसाठी आमचा कौल दुसऱ्या प्रकाराला. कार्यक्षमतेचे एक-दोन टक्के कमी पडले तरी चालतील. पण डबा जळला तर संगणकाचा तास बुडतो. शिक्षकांनी १६० व २७० व्होल्टची शिखरमूल्ये विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावीत आणि तिन्ही रचना फळ्यावर पडताळाव्यात. प्रत्यक्ष डबा मात्र उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यातील धारित्रांत ३०० व्होल्टहून अधिक भार काही काळ राहू शकतो.