लाकूडतोड्या, वैद्यबोवा आणि म्हशाची जत्रा

ग्रुप प्रोजेक्टमध्ये ज्याला काहीच येत नाही त्याच्याच गळ्यात प्रेझेंटेशन पडलं, की कुणीतरी म्हणतंच, ‘मारून मुटकून वैद्यबोवा!’ याच नावाचं एक नाटक आहे, हे मला फार उशिरा कळलं. ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिणाऱ्या ह. ना. आपट्यांनी १८९० साली मोलिएरच्या एका फ्रेंच प्रहसनावरून ते मराठीत आणलं. मूळ प्रहसन १६६६ चं. मी इथे बोलतोय ते त्या मूळ नाटकाबद्दल.

गोष्ट साधी आहे. स्गानारेल हा लाकूडतोड्या बायकोला मारतो. सूड म्हणून ती दोन नोकरांना थाप मारते की हा मोठा वैद्य आहे, फक्त चार रट्टे बसल्याशिवाय कबूल करत नाही. ते नोकर एका श्रीमंताच्या मुक्या झालेल्या मुलीसाठी वैद्य शोधत असतात. ते त्याला बडवतात आणि तो वैद्य होतो. समोरच्याला लॅटिन येत नाही याची खात्री करून घेतल्यावर तो वाट्टेल ते लॅटिन ठोकतो. काळीज उजवीकडे कसं, असं विचारलं तर सांगतो, पूर्वी डावीकडे असायचं, आता आम्ही बदललंय! (आज तो नक्की ‘डिटॉक्स’ आणि ‘वात-पित्त बॅलन्स’वर रील बनवत असता.)

हे सगळं वाचून मीही हसलो. पण मी मुरबाड तालुक्यातला, म्हशाजवळचा. आमच्याकडे या नाटकातला पहिला विनोद नीट चालत नाही. लाकूडतोड्याला औषधातलं काय कळणार, हे गृहीत धरल्याशिवाय तो विनोद उभाच राहत नाही. आमच्या जंगलातल्या कातकऱ्यांचा मूळ धंदाच खैराच्या लाकडापासून कात काढण्याचा, जमातीचं नावही त्यावरूनच पडलं. ताप आला, काही चावलं, तर कुठली मुळी उगाळायची हे विचारायला आजीच्या पिढीतली माणसं त्यांच्याच वाडीवर जायची. शेजारच्या शहापुरात कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली, तेव्हा बड्या आयुर्वेदिक कंपन्यांकडून १ कोटी ५७ लाखांच्या ऑर्डरी आल्या.

आणि हे चरकालाही मान्य आहे. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटलंय की शेळ्या-मेंढ्या आणि गुरं राखणाऱ्यांना, रानात राहणाऱ्यांना वनस्पतींची नावं आणि रूपं ठाऊक असतात. पण तो तिथे थांबत नाही. नाव-रूप कळलं म्हणजे औषध कळलं असं नाही. कुणाला, कधी, किती द्यायचं हे ज्याला कळतं तोच खरा जाणकार. पुढे अकराव्या अध्यायात तो वैद्यांचे तीन प्रकार सांगतो. त्यातला पहिला, वैद्याचं सोंग घेणारा, थेट स्गानारेलच आहे. मोलिएरच्या कितीतरी शतकं आधी!

मला मात्र या नाटकात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तिसऱ्या अंकातला एक छोटा प्रवेश. सहसा त्याबद्दल कुणी बोलत नाही. मुकी झालेली मुलगी खरं तर आजारी नाहीच. नको असलेलं लग्न टाळायला तिने सोंग घेतलंय. म्हणून तिच्यावर चाललेली वैदूगिरी बिनधोक, आपण निर्धास्त हसतो. पण मध्येच एक खेडूत बाप-लेक येतात. घरी बाई आजारी आहे, अंग सुजलंय, पाय दुखतात. बाप लक्षणं सांगतो, वैद्याला एक शब्द कळत नाही. मुलगा पैसे पुढे करतो, लगेच सगळं कळतं. औषध म्हणून तो त्यांना चीजचा तुकडा देतो आणि वर सांगतो की यात सोनं, पोवळं, मोती घातलेत. ते दोघे आभार मानून निघून जातात. नाटकातला खरा आजारी माणूस एकच, आणि तो रंगमंचावर येतच नाही. बाईचं पुढे काय झालं? मोलिएर सांगत नाही. स्वतः मोलिएर १६७३ साली, आजाराचा बाऊ करणाऱ्या माणसाची भूमिका करताना, चौथ्या प्रयोगाच्या रात्री गेला. आजारपण त्याला ठाऊक होतं. तरी त्या बाईला त्याने घरीच ठेवलं, याचा मला राग येतो.

कारण ती बाई माझ्या ओळखीची आहे. पौष पौर्णिमेला म्हशाला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, बैलांचा मोठा बाजार लागतो. गेल्या जत्रेत आजीने एका फिरत्या विक्रेत्याकडून साखरेवरची पावडर घेतली. डबीवर लिहिलं होतं, ‘सुवर्णयुक्त’. महिन्याभराने ती चक्कर येऊन पडली, म्हणून मी तिला बाजारातल्या वैद्यबाईंकडे नेलं. बीएएमएस, साडेपाच वर्षं शिकलेल्या. भिंतीवर धन्वंतरी, टेबलावर साखर मोजायचं यंत्र. बोटाला सुई टोचली, आकडा आला ३८२.

“आजी, गोळ्या चालू आहेत ना?”

“तो बोलला, गोळ्या सोड, याने मुळापासून जाईल.”

“आणि तुम्ही सोडल्या?”

“त्याने काय जबरदस्ती केली नाय बाय. मीच बोलली, दे.”

इथे मला नाटकातली काठी आठवली. वैद्यबोवाला मारून मुटकून तयार कोण करतं? स्गानारेल पहिल्यांदा खरंच बोलतो, मी लाकडं तोडतो म्हणून. ऐकायला कुणी तयार नसतं. नाव वैद्यबोवाचं पडलं आणि आपण त्यालाच हसत आलो.

वैद्यबाईंनी पावडरची डबी उघडून वास घेतला, बाजूला ठेवली. नाडी पाहिली, पाय दाबून पाहिले. मग चिठ्ठी लिहिली: जुन्या गोळ्या आजपासून पुन्हा सुरू, उद्या सकाळी मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासणी. स्वतःचं औषध काहीच दिलं नाही.

आजी थांबून राहिली. “काढा नाय देणार?”

“आज नाही आजी. आधी साखर खाली येऊ दे.”

रिक्षात बसल्यावर आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पोरगी शिकलेली असंल, पण वैद्य काय वाटली नाय.”