दोघांना विचारलेला प्रश्न

मोरोपंतांच्या बारामतीत यमकाचं कौतुक शिकवावं लागत नाही. ओठांना ओठ न लावता म्हणता येईल असं निरोष्ठरामायण रचणाऱ्या या कवीनं ध्वनीला किती दूर नेता येतं ते दाखवलं. १७९४ साली ते इथेच वारले. त्यांची आर्या ऐकून तयार झालेला कान मात्र या गावाकडे राहिला आहे. त्या कानानं कुरआनातली ५५वी सूरह, म्हणजे अध्याय, 'अर्-रहमान', ऐकावी असं मला मनापासून वाटतं. अरबी येत नसली तरी पहिल्या चार-पाच आयतींतच, म्हणजे वचनांतच, 'आन' हा नाद घुमू लागतो.

पंतांच्या आर्येत मात्रांचा काटेकोर हिशेब असतो. इथे तो नाही. पहिली आयत म्हणजे केवळ एक नाव, रहमान, परम कृपाळू. पुढे एखादी आयत चांगली दोन-तीन श्वासांची. कुरआन स्वतःला काव्य म्हणवत नाही, आणि याला साधं गद्यही म्हणवत नाही. अकराव्या शतकातल्या अब्दुल काहिर अल-जुरजानी या पंडितानं म्हटलं की सौंदर्य सुट्या शब्दात नसून शब्दांच्या मांडणीत असतं. 'रहमान'मध्ये हे डोळ्यांसमोर घडताना दिसतं.

कारण तो 'आन' केवळ शोभेचा नाही. अरबीत संस्कृतासारखं द्विवचन आहे आणि 'आन' हा त्याचा प्रत्यय. सूर्य आणि चंद्र, भेटूनही एकमेकांवर न चढणारे दोन समुद्र, दोन बागा, दोन झरे : इथली सृष्टी जोडीजोडीनं येते, आणि ऐकणारेही दोघे आहेत, माणूस आणि जिन्न. जे सांगायचं तेच यमक होऊन बसलं आहे. मधेच, माणूस मातीपासून आणि जिन्न आगीपासून घडवल्याचं सांगताना, नाद बदलून 'आर' होतो. लगेच ध्रुवपद येतं आणि आपल्याला पुन्हा 'आन'वर आणून सोडतं.

ते ध्रुवपद म्हणजे एक प्रश्न : आपल्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या देणग्या तुम्ही दोघे नाकारणार? ७८ आयतींत तो ३१ वेळा येतो. पहिल्या बारा आयतींत तो नाही, आधी देणगी पदरात टाकली जाते. समुद्रातल्या मोत्यांनंतर तो आला की त्यात लाड ऐकू येतात. भूतलावरचं सारं नाशवंत आहे असं सांगून तो आला की अंगावर काटा येतो. आगीच्या ज्वाळेनंतर येतो तेव्हा इशारा होतो. शब्द तेच, एक कानामात्रा बदललेली नाही. बदलतो तो त्याच्या आधीचा शेजार. कीर्तनात धृपद प्रत्येक अंतऱ्यानंतर नवा अर्थ घेऊन परततं, तसंच हे.

पुढे बागा येतात, आणि इथे बारामतीशेजारच्या इंदापूर तालुक्यातला वाचक परका राहत नाही. दुसऱ्या जोडीच्या बागांचं वर्णन एकाच शब्दाच्या आयतीत आटोपलं आहे : इतक्या हिरव्या की काळपट दिसाव्यात अशा दोन. नीरेच्या कालव्याचं पाणी मिळालेल्या पिकाला आपले शेतकरी काळंभोर म्हणतात तेव्हा त्यांना हेच दिसत असतं. मग उसळणारे दोन झरे, फळं, खजूर आणि डाळिंब. डाळिंबाच्या या तालुक्यात, आणि जिथे काही गावं अजून पाण्याची वाट बघतात तिथे, हे स्वर्गवर्णन वाचायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

त्याआधीचा तराजू मला याहून मोठा वाटतो. आकाश उंच उभारलं आणि तराजू मांडला, असं सांगून लगेच मापात अन्याय न करण्याची आज्ञा आहे. 'तराजू' तीन आयतींत तीनदा येतो. ग्रहगोलांचा तोल आणि बाजारातलं वजन यांत ही भाषा भिंत घालत नाही. उसाच्या काट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला ही उडी कुणी समजावून सांगायला नको.

विनोबांनी 'कुराणसार'मध्ये वचनं विषयवार लावली. विचार समजून घ्यायला ती मोठीच सोय झाली. पण 'रहमान'चा प्राण क्रमात आहे, म्हणून ती सबंध ऐकावी. रमजानच्या रात्री मशिदीत कुरआन पाठ असलेले हाफिज तरावीहच्या नमाजात पठण करतात, तेव्हा सत्ताविसाव्या पाऱ्यात, म्हणजे भागात, ही सूरह येते.