‘झोंबी’ : आठवणीची बोली आणि निवेदनाची भाषा

आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ (१९८७) या आत्मचरित्रात्मक कृतीकडे दारिद्र्याची करुण कहाणी म्हणून पाहणे सोपे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कागल गाव, दुसऱ्याची जमीन कसणारे कुटुंब, मुलाला शाळेतून काढून शेतात राबविणारा बाप आणि शिक्षणासाठी त्या मुलाने दिलेली झुंज, हा तिचा विषय. साहित्य अकादमीने १९९० साली तिचा गौरव केला. तथापि या बालपणाच्या मुळाशी असलेला भाषेचा प्रश्न करुणेच्या भरात नजरेआड होऊ नये.

‘झोंबी’चे निवेदन प्रमाण मराठीला जवळचे आहे, संवाद मात्र त्या परिसराच्या बोलीत आहेत. ज्या वयाच्या आठवणी येथे येतात, त्या वयात मुलाच्या कानी ‘वेळ’ नव्हे, ‘येळ’ पडत होती. ‘पाणी’ नव्हे, ‘पानी’. मग अनुभव एका भाषेत आणि कथन दुसरीत, ही विसंगती नव्हे काय? ‘गोतावळा’त (१९७१) याच लेखकाने शेतगडी नारबाचे सारे निवेदन बोलीत पेलले होते. तेव्हा प्रश्न सामर्थ्याचा नाही, निवेदकाचा आहे. नारबा जेथे राबतो तेथूनच बोलतो. ‘झोंबी’चा निवेदक शाळेच्या वाटेने पुढे गेलेला आहे, त्याची प्रमाण भाषा ही त्या झुंजीची मिळकत होय. ती लपविली असती तर झुंजच खोटी ठरती.

आरंभीच्या आठवणींबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. रोजनिशी वा छायाचित्र नसलेल्या कष्टकरी घरात, जाणतेपणापूर्वीचे आयुष्य वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच कळते. मराठीत अशा ऐकीव वृत्तास ‘म्हणे’ जोडतात: ‘मी तेव्हा रांगत होतो म्हणे.’ स्वतःच्या आयुष्याचा हा सर्वांत जुना भाग अशा रीतीने दुसऱ्याच्या बोलण्यातून, आणि म्हणून बोलीतूनच, हाती येतो. यास्तव संवादांतील बोली हा स्थानिक रंग नव्हे. ते मूळ साधन आहे.

यातच या कृतीचे नैतिक मोलही आहे. शाळेस विरोध करणाऱ्या बापाचा निवाडा येथे ज्या भाषेत होतो, ती त्याला कधी लाभलीच नाही. निवेदन सर्वस्वी मुलाच्या हाती आहे. संवादांत मात्र बाप स्वतःच्या शब्दांत बोलतो, आणि तेवढ्यापुरती त्याचीही बाजू शिल्लक राहते.